अठराव्या अंकानंतर

अमेरिकेतील चित्रकथांच्या व्यवसायात एखादी मासिक मालिका बरखास्त होणे ही इतकी नित्याची घटना आहे की, २००४ साली मार्व्हल ह्या विख्यात प्रकाशनसंस्थेची 'रनअवेज' ही मालिका अठरा अंकांनंतर थांबली तेव्हा तिची नोंद आणखी एक बुडीत खाते एवढीच राहिली असती तरी कोणाला नवल वाटले नसते. तिच्यात स्पायडरमॅनसारखा कोणी सर्वतोमुखी झालेला नायक नव्हता; लेखक ब्रायन के. वॉन अजून तिशीच्या आत होता, चित्रकार एड्रियन अल्फोना हा तर टोरोंटोचा जवळजवळ अज्ञात तरुण होता. आणि जिच्या नायकनायिका म्हणजे लॉस एंजेलिसच्या सुखवस्तू घरांतून पळालेली सहा मुले, अशा कथेला अंगरखे, मुखवटे व गुप्तनामे ह्यांना सरावलेल्या वाचकाने फारसा आश्रय दिला नव्हता. तरीही ती मालिका पुढल्याच वर्षी पुन्हा सुरू झाली, आणि ती सुरू होण्याचे प्रमुख कारण असे की, सुट्या अंकांच्या रूपाने जे वाचकांपर्यंत पोहोचले नव्हते ते छोटेखानी ग्रंथांच्या रूपाने पोहोचले. कथा तीच, चित्रे तीच, शब्दही तेच. बदलली ती केवळ बांधणी, किंमत आणि विक्रीची जागा. परंतु एवढ्याशा फरकाने एका कलाकृतीचे आयुष्य पालटते, ही गोष्ट मला वाङ्मयाच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाची वाटते, आणि म्हणूनच ह्या प्रकरणाची हकीकत थोड्या विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे.

ती नीट समजण्यासाठी प्रथम ह्या व्यापाराची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. १९७०पर्यंत अमेरिकन चित्रकथा वृत्तपत्रविक्रेत्यांच्या ठेल्यांवर व औषधांच्या दुकानांत विकल्या जात, आणि न खपलेले अंक वेष्टन फाडून परत करण्याची मुभा विक्रेत्याला असे. १९७३ साली ब्रुकलिनमधील एक शाळामास्तर, फिल स्यूलिंग, ह्याने प्रकाशकांशी एक निराळाच करार केला: अंक आगाऊ मागणी नोंदवून, अधिक सवलतीने घ्यायचे, परंतु एकदा घेतलेला माल परत करायचा नाही. ह्या तजविजीतून चित्रकथांची स्वतंत्र दुकाने देशभर उभी राहिली आणि ठेल्यांवरची विक्री रोडावत असताना हा व्यवसाय तगला, हे त्या कराराचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण त्या ऋणाचे व्याज जबर होते. न खपलेल्या मालाचा बोजा दुकानदाराच्या शिरावर आल्यामुळे तो नव्या, अपरिचित मालिकेचे मोजकेच अंक मागवी. ते हातोहात गेले तर उशिरा येणारा वाचक रिकाम्या हाताने परते, आणि न गेले तर पुढच्या महिन्याची मागणी आणखी घटे. शिवाय त्या दुकानांचा उंबरठा ओलांडणारा वर्ग ठरावीक होता; वर्षानुवर्षे तेच नायक वाचत आलेले पुरुष बहुसंख्य, आणि चौदापंधरा वर्षांची मुलगी तिथे क्वचितच दिसे. कुमारवयीन मुलामुलींची कथा त्याच वयाच्या वाचकांपर्यंत जाण्याचा मार्ग अशा रीतीने तिच्यासाठी मोकळाच नव्हता.

कुमारवयीन वीरांची परंपरा मात्र जुनी होती. १९४०मध्ये बॅटमॅनच्या जोडीला रॉबिन आला तो दुय्यम सहायक म्हणून. १९६२मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको ह्यांनी स्पायडरमॅन निर्माण केला तेव्हा शाळकरी मुलगा प्रथमच इतक्या ठसठशीतपणे कथेच्या मध्यभागी आला. १९८०पासून मार्व वुल्फमन व जॉर्ज पेरेझ ह्यांनी डीसी ह्या प्रतिस्पर्धी संस्थेसाठी रचलेली 'द न्यू टीन टायटन्स' ही मालिका तर आपल्या विषयाची थेट पूर्वज म्हणावी लागेल. तिच्यात टेरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी संघात दाखल होते, तिच्यावर माया करू लागलेल्या वाचकांना ती शत्रूची हेर असल्याचे कळते, आणि १९८४च्या 'द ज्यूडस कॉन्ट्रॅक्ट' ह्या पर्वात तिचा द्रोह पूर्णत्वास जातो. पण हे पर्व ग्रंथरूपाने निघाले ते १९८८ साली, चार वर्षांनी, आधीच यशस्वी ठरलेल्या कथेला दिलेल्या बहुमानासारखे. मासिकात जे मान्यता पावले तेच ग्रंथात जाई. जे मासिकात हरले त्याला ग्रंथाकडे दाद मागता येत नसे.

ही व्यवस्था बदलली ती दिवाळखोरीच्या धक्क्याने. १९९६च्या डिसेंबरात मार्व्हलने न्यायालयात दिवाळे जाहीर केले. त्यातून सावरल्यावर २०००च्या सुमारास ज्यांच्या हाती कारभार आला त्या बिल जेमस आणि प्रमुख संपादक जो केसाडा ह्यांनी संकलित आवृत्तीकडे उत्पन्नाचे एक स्थायी साधन म्हणून पाहण्यास आरंभ केला. त्याच वर्षी निघालेल्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये ब्रायन मायकल बेंडिस व मार्क बॅगली ह्यांनी, १९६२ साली ११ पानांत सांगून झालेली उत्पत्तिकथा तब्बल सात अंकांत सांगितली, आणि ते सात अंक मिळून एक पुस्तक झाले. ह्या सैल विणीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. एका अंकात काही घडतच नाही, अशी जुन्या वाचकांची तक्रार होती, आणि दरमहा पदरमोड करणाऱ्याच्या दृष्टीने ती रास्तही होती. परंतु कथेचा घटक आता अंक नसून पर्व होऊ लागला होता, आणि पर्वाची लांबी मुख्यतः पुस्तकाच्या मापाने ठरू लागली होती, ही गोष्ट त्या तक्रारीतूनच स्पष्ट होते.

ह्याच सुमारास जपानी चित्रकथांचे वादळ अमेरिकेच्या ग्रंथविक्रीच्या दालनांत शिरले. टोकियोपॉपसारख्या प्रकाशकांनी १० डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीत, हातात सहज मावतील अशी जाडजूड पुस्तके मांडली, आणि ज्या मुलींनी चित्रकथांच्या दुकानात कधी पाऊल ठेवले नव्हते त्या मोठमोठ्या पुस्तकदालनांच्या फरशीवर मांडी घालून ती वाचू लागल्या. चित्रकथा मुली वाचत नाहीत, हा अमेरिकन प्रकाशकांचा अनेक वर्षांचा ग्रह त्या दृश्याने खोटा ठरवला. मार्व्हलने ह्या नव्या वाचकवर्गाला साद घालण्यासाठी २००३ साली 'त्सुनामी' ह्या नावाखाली मालिकांचा एक जथाच काढला. त्यांतल्या बहुतेक मालिका अल्पायुषी ठरल्या आणि त्सुनामी हे नावही लवकरच दफ्तरदाखल झाले. त्यांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्या जथ्यातून जी एक टिकाऊ कृती निघाली ती 'रनअवेज'.

वॉनने कथेचे बीज अत्यंत साध्या जागेतून उचलले होते. पौगंडावस्थेतल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी वाटते की आपले आईबाप दुष्ट आहेत. ते खरोखरीच दुष्ट असतील तर? ॲलेक्स वाइल्डर, निको मिनोरू, कॅरोलिना डीन, गर्ट यॉर्क्स, चेस स्टाइन आणि सर्वांत धाकटी मॉली हेझ ह्या सहा मुलांचे पालक दरसाल एकदा वाइल्डरांच्या घरी दानधर्माच्या कामाच्या मिषाने जमतात. मुलांना एकमेकांविषयी फारशी आपुलकी नाही; वर्षातून एक संध्याकाळ नाइलाजाने एकत्र काढायची, एवढाच त्यांचा ऋणानुबंध. त्या संध्याकाळी कंटाळा घालवण्यासाठी ती चोरवाटेने पालकांच्या बैठकीत डोकावतात, आणि झगे पांघरलेल्या आपल्या आईबापांच्या हातून एका तरुणीचा बळी गेलेला पाहतात. ह्यानंतरचे काही अंक म्हणजे एकेका घराचा झाडाच होय. कॅरोलिनाच्या हातातले औषधोपचाराचे म्हणून घातलेले कडे उतरताच तिच्या कांतीतून इंद्रधनुष्यी प्रकाश फुटतो आणि आपण मानवच नाही असे तिला कळते; गर्टच्या घराच्या तळघरात तिच्याच आज्ञेत राहणारा डायनोसॉर निघतो; निकोवर तिची आई जादूचा दंड उगारते आणि तो दंड मुलीच्या छातीत शिरून तिचाच होऊन बसतो. पुढे तिच्या अंगातून रक्त निघाल्याखेरीज तो दंड प्रकट होत नाही, आणि कोणताही मंत्र त्याच्यापुढे दुसऱ्यांदा चालत नाही. वारसा म्हणून आईबापांकडून जे मिळते ते जखम सोसल्यावाचून वापरता येत नाही, हा अर्थ वॉनने कोठेही शब्दांत मांडलेला नाही. तो त्या दंडाच्या नियमांतच आहे, आणि अशा ठिकाणी मला त्याची लेखणी सर्वांत थोर वाटते.

स्थळाची निवडही विचारपूर्वक होती. मार्व्हलचे बहुतेक वीर न्यूयॉर्कचे रहिवासी. लॉस एंजेलिस ही जणू हद्दीबाहेरची जागा. ती तशी का, ह्याचे उत्तर ही कथा देते: 'प्राइड' हे नाव धारण करणाऱ्या ह्या सहा दांपत्यांनी शहराचा सारा अंमल, पोलिसखात्यासह, आपल्या मुठीत ठेवून इतरांना तेथे शिरकावच मिळू दिलेला नाही. म्हणून मुलांना फिर्याद घेऊन जायला जागा उरत नाही. उलट मॉलीला पळवून नेल्याचा आरोप त्यांच्याच माथी येतो. आणि अल्फोनाने ती मुले काढली आहेत तीही शहरातल्या खऱ्या मुलांसारखी. सुरुवातीला ती हौसेने टोपणनावे घेतात, पण अंगाला घट्ट बसणारा गणवेश कोणीच घालत नाही. निकोचे काळे, झालरींचे पोशाख अंकागणिक बदलतात, गर्टचा जाड भिंगांचा चष्मा व भरलेला बांधा कोठेही सौम्य करून दाखवलेला नाही, आणि मॉलीच्या डोक्यावरच्या टोप्या तर तिच्या स्वभावाचाच भाग होऊन बसतात. ज्या कलाप्रकारात स्त्रीदेहाचे चित्रण पिढ्यान्‌पिढ्या एकाच साच्यातून निघत आले, तेथे ही साधी न्याय्य दृष्टी अपूर्व होती.

आता ह्या कथेची पर्वरचना जवळून पाहावी. सहाव्या अंकाच्या अखेरीस पालकांच्या हाती एक चिठ्ठी पडते. तिच्यावरून कळते की पळालेल्या सहांपैकी एकाची निष्ठा अजून आईबापांपाशीच आहे. येथे पहिले पर्व, 'प्राइड अँड जॉय', संपते, आणि हाच पहिल्या पुस्तकाचा शेवट. दुसऱ्या पर्वात टोफर नावाचा एक देखणा मुलगा आश्रयाला येतो आणि रक्तपिपासू निघतो. वाचकाचा संशय बाहेरच्या माणसाकडे वळवून तो घरातल्या माणसावरून काढून घेण्याची ही युक्ती आहे. तिसऱ्या पर्वात, सतराव्या अंकात, घरभेद्याचे नाव उघड होते: ज्याने सर्वांना एकत्र आणले, जो त्यांचा बुद्धिमान पुढारी, तो ॲलेक्स. गिब्बोरिम नावाच्या महाकाय दैवतांनी प्राइडच्या बारा जणांना २५ वर्षांच्या सेवेबद्दल अमरत्वाच्या सहाच जागा देऊ केल्या होत्या, आणि त्या जागा आपल्या सहा मुलांना द्याव्यात असा त्या दांपत्यांचा करार झाला होता. त्यांतली दोन दांपत्ये इतरांचा घात करणार हे ॲलेक्सला आधीच कळले होते. आपले आईबाप आणि निको ह्यांना वाचवावे म्हणून त्याने हा सारा डाव मांडलेला असतो. त्याचा द्रोह प्रेमातून निघालेला आहे, आणि म्हणूनच तो टेराच्या द्रोहाहून कितीतरी अधिक अस्वस्थ करतो.

ज्यांनी ही कथा सुट्या अंकांतून वाचली त्यांना सहाव्या अंकापासून सतराव्यापर्यंत कित्येक महिने संशय वागवावा लागला. हा विलंब हेसुद्धा एक वाङ्मयीन सुख आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणुकी'तून आठवड्यागणिक वाचणाऱ्या पिढीला ते ठाऊक होते. ग्रंथाच्या वाचकाला तो संशय दोन रात्रीही पुरत नाही. पण त्याला दुसरा लाभ होतो. पहिले पुस्तक हाताशीच असल्यामुळे तो मागे वळून ॲलेक्सची प्रत्येक हालचाल पुन्हा तपासू शकतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की लेखकाने कोठेही लबाडी केलेली नाही, सारे पुरावे पहिल्यापासून उघड्यावर मांडून ठेवलेले होते. अठरा अंकांची ही रचना तीन ग्रंथांच्या मापात इतकी नेमकी बसते की, मासिक हे तिचे तात्पुरते बिऱ्हाड होते आणि ग्रंथ हेच घर, असे म्हणावेसे वाटते.

हे ग्रंथ कसे होते तेही सांगितले पाहिजे. २००४पासून मार्व्हलने 'रनअवेज'चे अंक जपानी पुस्तकांच्या धर्तीवर, नेहमीच्या चित्रकथेहून आखूड आकारात, सहा अंकांचे एक पुस्तक ८ डॉलरला एक सेंट कमी अशा किमतीत विकण्यास काढले. सहा सुटे अंक घेण्याच्या सुमारे निम्म्या खर्चात संपूर्ण पर्व हाती येई. जो चेन हिची मृदू रंगांतली मुखपृष्ठे त्यांवर होती, आणि त्यांत चेहरे होते, नजरा होत्या, मारामारी क्वचितच. चित्रे लहान झाल्याने अल्फोनाच्या बारीक तपशिलांचे थोडे नुकसान झाले, हे खरे. तथापि ही पुस्तके दालनांत जपानी पुस्तकांच्या शेजारी बसली, ग्रंथालयांनी घेतली, शाळेच्या दप्तरात मावली. शिवाय पुस्तकविक्रेत्याला न खपलेला माल परत करण्याची सवलत असल्यामुळे अनोळखी नावाची पुस्तके फडताळावर ठेवण्यास तो कचरला नाही. मासिक मालिका बंद झाली होती, आणि तिची पुस्तके मात्र खपत राहिली. व्यापाराच्या वह्यांत असा विसंगत हिशेब दिसल्यावर कारभाऱ्यांना फेरविचार करणे भाग पडले. २००५च्या प्रारंभी वॉन व अल्फोना ह्यांच्याच हातून दुसरी मालिका सुरू झाली.

तिचे पहिले २४ अंक वॉनने लिहिले व त्यांतले बहुतेक अल्फोनाने चितारले, आणि पहिल्या अठरांसह ह्या कारकिर्दीचे एकूण ४२ होतात. ह्या दुसऱ्या सत्रात अल्ट्रॉन ह्या यंत्रदैत्याचा पुत्र व्हिक्टर मांचा संघात आला, आणि अठराव्या अंकात चेसला वाचवताना गर्टचा मृत्यू झाला. चित्रकथांत मरण आणि पुनरागमन ह्यांची इतकी सवय झालेली असते की वाचक सहसा डोळे पुसत नाही. गर्टच्या मरणाने मात्र तो हलला, कारण ती वीरांगना म्हणून मेली नाही, नुकतीच कोणाच्या तरी प्रेमात पडलेली, तिखट जिभेची शाळकरी मुलगी म्हणून मेली. वॉनला २००५ साली सर्वोत्कृष्ट लेखकाचे आयस्नर पारितोषिक ज्या कृतींसाठी मिळाले त्यांत 'रनअवेज' होती, आणि २००६ साली मालिकेला हार्वे पारितोषिकही मिळाले. दोनच वर्षांपूर्वी जिची मुदत भरली होती तिचा हा गौरव.

पुढची हकीकत मात्र उताराची आहे. वॉन गेल्यावर दूरदर्शन-मालिकांचा लेखक जॉस व्हीडन ह्याने मायकल रायन ह्या चित्रकारासह १९०७च्या न्यूयॉर्कमध्ये घडणारे सहा अंकांचे पर्व लिहिले, पण ते सहा अंक बाहेर पडायला वर्षाहून अधिक काळ लागला. २००८मध्ये टेरी मूर ह्याच्याकडे तिसरी मालिका सोपवली गेली, नंतर कॅथरिन इमोनेन आली, आणि २००९ साली चौदाव्या अंकावर ती कथेच्या मध्यातच तुटली. चेसला रस्त्यात गर्टसारखी दिसणारी मुलगी दिसते, तिच्यामागे धावताना त्याला वाहनाची धडक बसते, आणि तेथेच सारे थांबते. हा अन्याय मला पहिल्या बरखास्तीहून मोठा वाटतो. पहिल्या वेळी निदान कथेचे वर्तुळ पूर्ण झाले होते. येथे कथा अर्ध्या वाक्यावर सोडली गेली, आणि संकलित आवृत्ती जे छापले आहे तेच बांधू शकते, जे लिहिलेच गेले नाही ते तिला देता येत नाही.

ह्यानंतर आठ वर्षे ही मुले इतरांच्या मालिकांत पाहुण्यांसारखी वावरली. पण त्यांची पुस्तके चलनात राहिली. २०१४पासून संपूर्ण कथा मोठ्या आकाराच्या जाड खंडांत नव्याने निघू लागली, आणि त्याच वर्षी अल्फोनाने लेखिका जी. विलो विल्सन हिच्याबरोबर जर्सी सिटीतल्या कमला खान ह्या पाकिस्तानी वंशाच्या मुलीची 'मिस मार्व्हल' ही मालिका आरंभली. तिच्या पहिल्या संकलित खंडाला पुढल्या वर्षी ह्यूगो पारितोषिक मिळाले. सामान्य अंगकाठीची, घरच्यांशी भांडणारी आणि घरच्यांवर जीव टाकणारी ती नायिका पाहिली की, तिच्या रेषेची जडणघडण दहा वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या त्या सहा मुलांवर झाली होती, हे जाणत्याला चटकन ओळखू येते.

२०१७मध्ये 'रनअवेज'वर आधारित दूरदर्शन-मालिका हुलू ह्या आंतरजालीय सेवेवर सुरू झाली, ती तीन सत्रे चालली. त्याच वर्षी मार्व्हलने मूळ चित्रकथाही पुन्हा काढली, आणि ह्या खेपेस ती कुमारवाचकांच्या कादंबऱ्यांसाठी ख्यातनाम असलेल्या रेनबो रॉवेल हिच्याकडे दिली. चित्रे आरंभी क्रिस अँका ह्याची. ही निवड मोठी सूचक होती. चित्रकथांच्या दुकानाने जिला ओळखले नव्हते आणि पुस्तकांच्या दालनाने जिला सांभाळले होते, ती कथा आता त्याच दालनातल्या एका लेखिकेच्या हाती आली. रॉवेलने पहिल्याच अंकात चेसला कालयंत्रातून भूतकाळात धाडून, मरणोन्मुख गर्टला परत आणले. आणि मग पुढचे कित्येक अंक, लढायांना गौण स्थान देऊन, मोठी झालेली इतर मुले व वयाने तेथेच राहिलेली गर्ट ह्यांना पुन्हा एका घरात राहायला किती सायास पडतात, ह्याच एका प्रश्नावर वेचले. ही चौथी मालिका २०२१पर्यंत चालून अडतिसाव्या अंकावर थांबली. पूर्वीच्या तिन्ही मालिकांचे १८, ३० व १४ अंक जमेस धरता तो 'रनअवेज'चा शंभरावा अंक ठरला. वॉन आणि अल्फोना ह्यांचे सारे अंक २०१८ साली एकाच बृहद्‌ग्रंथात बांधले गेले. पहिल्या छोट्या पुस्तकांत जे लहान होऊन गेले होते ते निकोच्या झालरींचे आणि मॉलीच्या टोप्यांचे बारकावे त्या ग्रंथाच्या पानांवर पूर्ण आकारात पाहता येतात.